आले कुठून, की चाललंय कसं? रत्नागिरी आणि मानवशास्त्राची दीडशे वर्षं

कोकणात नवख्या माणसाला नावाच्याही आधी विचारतात, "मूळचे कुठले?" आणि पाठोपाठ, जरा आवाज उतरवून, "म्हणजे कुणातले?" एकोणिसाव्या शतकात मानवशास्त्र या नावानं जे शास्त्र उभं राहिलं, त्यानंही जवळजवळ शंभर वर्षं हेच दोन प्रश्न विचारले. फक्त हातात कॅलिपर आणि छापील प्रश्नावली होती, एवढाच फरक. रत्नागिरी जिल्हा या वाटचालीत दोन्ही बाजूंना सापडतो (१९८१ पर्यंत आजचं सिंधुदुर्गही त्यातच होतं). ज्यांची वर्णनं लिहिली गेली ती माणसं इथली, आणि वर्णन करणाऱ्यांच्या चुका दाखवणारी काही माणसंही इथलीच, नाहीतर इथल्या घरांतली. माझं मत असं, की "आले कुठून?" या प्रश्नावर भागत होतं तोवर हे शास्त्र जागच्या जागी फिरत राहिलं, "हे चालू कसं राहतं?" असं विचारल्यावर ते पुढं सरकलं. आणि हा दुसरा प्रश्न सगळ्यांत नेमका मांडला तो मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याच्या घराण्यातल्या एका विद्यार्थ्यानं, न्यूयॉर्कमध्ये.

मूळ सांगण्याचं काम आधी पुराणांकडे होतं. चिपळूणजवळ पेढे-परशुराम इथं परशुरामाचं देवस्थान आहे. त्यानं समुद्र हटवून ही भूमी मिळवली, किनाऱ्याला लागलेली चौदा प्रेतं चितेवर शुद्ध करून त्यांचे ब्राह्मण केले, ही चित्पावनांच्या उत्पत्तीची कथा सह्याद्रिखंड या पोथीशी जोडलेली आहे. ज्यांच्याविषयी ती होती त्यांना ती फारशी रुचली नाही. ही पोथी बाळगली म्हणून वाईच्या एका प्रतिष्ठित ब्राह्मणाची दुसऱ्या बाजीरावानं बेअब्रू केली, असं ग्रँट डफ आपल्या १८२६ च्या मराठ्यांच्या इतिहासात सांगतो. पुढं १८७७ मध्ये जे. गर्सन द कुन्हा या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी ती मुंबईत छापूनच काढली, आणि दडवण्यासारखं काही उरलं नाही.

त्याच्या चार वर्षं आधी जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त परशुराम पार उलटा वाचला होता. त्यांच्या लेखी तो अवतार नव्हता, स्वारी करून आलेल्यांचा पुढारी होता. चिरंजीव आहेस तर मुदतीत हजर हो, अशी नोटीसही त्यांनी त्या पुस्तकात काढली. नोटीस वाचून हसू येतं, पण पद्धत गंभीर होती: कथेत आणि सणावारात पराभूतांची आठवण गोठून राहिलेली असते, ती उकलून इतिहास काढायचा. त्याच सुमाराला, १८७१ मध्ये, लंडनमध्ये एडवर्ड टायलर 'प्रिमिटिव्ह कल्चर'मध्ये जुन्या चालींचे अवशेष असेच वाचत होता. फरक हा की टायलरला त्यातून माणूसजातीच्या प्रगतीच्या पायऱ्या दिसल्या, फुल्यांना त्यात फसवणूक दिसली. दापोलीला राहणारे निवृत्त लष्करी गृहस्थ गोपाळबाबा वलंगकर यांनी १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' काढलं, तेही याच वाटेनं. विद्यापीठांत मानवशास्त्राच्या खुर्च्या निघायच्या आत दापोली कॅम्पात हा प्रश्न असा लिहून झाला होता. तो पाठ्यपुस्तकांच्या इतिहासात येत नाही, ही पाठ्यपुस्तकांची उणीव.

सरकारी शास्त्र दुसऱ्याच कारणासाठी हजर झालं. जेम्स कॅम्बेलच्या गॅझेटियरमालेचा दहावा खंड, 'रत्नागिरी आणि सावंतवाडी', १८८० साली निघाला. शेतसारा, बंदरं, जंगलं यांच्या रांगेत जातीही आल्या: रंग कसा, बांधा कसा, घर कसलं, खातात काय, स्वभाव कसा. जातीचा स्वभाव एका वाक्यात उरकण्याची ही सवय आपल्याकडे इतकी मुरली की आजही लग्नाच्या बैठकीत लोक नकळत कॅम्बेलच्या भाषेत बोलतात. खंड मात्र आजही उपयोगी आहे. माणसांची वर्णनं सोडून बंदरं, पिकं आणि मुंबईला जाणारे लोंढे यांच्या नोंदी वाचाव्यात.

१८८६ मध्ये मुंबईत अँथ्रॉपॉलॉजिकल सोसायटी निघाली. १९०१ च्या जनगणनेला जोडून हर्बर्ट रिस्लीनं देशभर वंशशास्त्रीय पाहणी सुरू केली. रिस्लीचा भरवसा नाकावर होता. नाकाची रुंदी आणि लांबी यांचं गुणोत्तर काढायचं. नाक जितकं बसकं तितकी जात खालची, असा त्याचा जणू नियमच. महाराष्ट्रात हा नियम नीट लागू पडेना, तेव्हा त्यानं मराठी ब्राह्मण आणि कुणबी दोघांनाही 'शक-द्राविड' या एकाच खणात टाकलं. म्हणजे दापोलीचा खोत आणि त्याचं कूळ दोघेही शकांचे वारस! खोत-कुळाच्या कज्ज्यांनी जिल्हा पोखरला असताना हा शोध दोघांपैकी कुणाच्याही कामाचा नव्हता.

आता या कहाणीतला सगळ्यांत विचित्र भाग. ए. एम. टी. जॅक्सन हा नाशिकचा कलेक्टर संस्कृतचा जाणकार होता, लोक त्याला पंडित जॅक्सन म्हणत. लोकसमजुती गोळा करायचा त्यानं सपाटा लावला होता. गावोगावच्या शाळामास्तरांकडे प्रश्न जायचे: सूर्याला कसं पुजतात, देवीची साथ आली की काय करतात, दृष्ट कशी काढतात, गावाची राखण कोण करतो. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद थिएटरात देवलांच्या 'शारदा' नाटकाला गेलेल्या जॅक्सनला अनंत कान्हेरेनं गोळ्या घातल्या. कान्हेरे मूळचा खेड तालुक्यातल्या आयनीचा. जॅक्सनच्या कागदांतून मुंबई सरकारातल्या आर. ई. एन्थोव्हेननं पुढं जे संकलन केलं त्याचा दुसरा भाग 'फोकलोअर ऑफ द कोकण', तो 'इंडियन अँटिक्वेरी' या मासिकाची पुरवणी म्हणून १९१४-१५ मध्ये छापला गेला. कोकणाच्या लोकश्रद्धांचं पहिलं मोठं दफ्तर असं एका कोकणी पोरानं मारलेल्या साहेबाच्या टेबलावरून आलं आहे.

त्या दफ्तराचे खरे लेखक मास्तर. तळटिपांत त्यांची नावं नाहीत. 'स्कूल मास्टर, उभादांडा' एवढंच. जुन्या जिल्ह्यातल्या वेंगुर्ल्याजवळचं ते गाव. मास्तर बहुधा तिथलेच नाहीतर पलीकडच्या गावचे असणार, त्यामुळे काय सांगायचं आणि काय गाळायचं हे त्यांनी ठरवलेलं. साहेबानं विचारलेल्या चौकटीबाहेरचं सांगायला जागाच नव्हती, तरी ते मधूनच सांडतं. भुतांचंच पाहा. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला ब्राह्मणाचा मुलगा. समंध म्हणजे वासना अडकलेला ब्राह्मण. अळवंत म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. त्याखेरीज देवचार, खवीस, जखीण, हडळ, चेडा. इंग्रज संकलकाला यात आदिम भीती दिसते. मला दिसते ती एक नोंदवही: मेल्यावरही माणसाला जात आहे आणि लग्नाची अवस्था आहे. लग्न राहिलं किंवा अर्ध्यावर मोडलं, की तो माणूस गावाच्या हिशेबात बसत नाही, मग तो पिंपळावर जातो. हा हिशेब एन्थोव्हेनला लागला नाही, कारण तो मूळ शोधत होता.

त्याला हवी होती कुलचिन्हं, म्हणजे टोटेम. १९२० ते १९२२ च्या दरम्यान निघालेल्या 'ट्राइब्ज अँड कास्ट्स ऑफ बॉम्बे' या तीन खंडांत त्यानं देवकावर मोठा भर दिला. लग्नाच्या मांडवात कळंब, उंबर, पिंपळ यांची डहाळी किंवा मोराचं पीस देवक म्हणून बसवतात; ज्यांचं देवक एक त्यांची सोयरीक होत नाही. एन्थोव्हेनला वाटलं, हाच तो प्राचीन टोटेमवाद. टोटेमवादावर लिहिणाऱ्या फ्रेझरच्या पुस्तकांची तेव्हा चलती होती. गंमत अशी की त्याच्या दहा वर्षं आधी, १९१० मध्ये, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर या तरुण अभ्यासकानं टोटेमवाद नावाची एकसंध गोष्टच नाही, वेगवेगळ्या चाली एका नावाखाली कोंबल्या आहेत, असा प्रबंध लिहून ही कल्पना खिळखिळी केली होती. बातमी मुंबईच्या सचिवालयापर्यंत पोचली नसावी.

गोल्डनवायझर हा फ्रान्झ बोआसचा शिष्य. बोआसनं अमेरिकेत आलेल्या स्थलांतरितांच्या मुलांची डोकी मोजून दाखवलं होतं की डोक्याचा आकारसुद्धा नव्या देशात बदलतो. तो वंशाचा अढळ शिक्का नव्हे. या वातावरणात, ९ मे १९१६ रोजी, गोल्डनवायझरच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. त्यांचा जन्म महूचा, पण घराणं आंबडव्याचं. वडील रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ दापोलीत होते. निबंध पुढल्या वर्षी मे महिन्यात छापला गेला तो त्याच 'इंडियन अँटिक्वेरी'त, ज्याच्या पुरवणीत दोन वर्षांपूर्वी कोकणची भुतं येऊन गेली होती.

निबंधाचा गाभा थोडक्यात असा. वंश सगळेच मिसळलेले आहेत, त्यावरून जात समजत नाही. बाहेर लग्न करण्याचा, म्हणजे सगोत्र टाळण्याचा नियम आधीपासून होता; त्यावर आतच लग्न करण्याचा नियम लादला की जात तयार होते. पण आतच लग्न करायचं तर गटात स्त्रिया आणि पुरुष समान संख्येनं टिकायला हवेत. नवरा मेला की एक बाई 'जास्त' होते, बायको मेली की एक पुरुष जास्त होतो. जास्त झालेल्या बाईला जाळायचं किंवा सक्तीच्या वैधव्यात ठेवायचं. जास्त झालेल्या पुरुषाला लग्नाच्या वयात न आलेली मुलगी द्यायची. सती, वैधव्य, बालविवाह या तीन चाली म्हणजे जातीचं कुंपण शाबूत ठेवणारी यंत्रणा. आणि वरच्यांनी दार लावून घेतल्यावर बाकीच्यांनी अनुकरणानं किंवा नाइलाजानं आपापली दारं लावली. जॅक्सनला गोळ्या लागल्या त्या रात्रीच्या नाटकातही म्हाताऱ्या बिजवराला कोवळी मुलगी देण्याचाच घाट घातलेला होता. देवलांनी तो सामाजिक अन्याय म्हणून दाखवला. आंबेडकरांनी त्यामागचं गणित मांडलं.

इथं माझं एक भांडण आहे. मानवशास्त्राच्या विचारांचे इतिहास सांगणाऱ्या पुस्तकांत टायलर, मॉर्गन, बोआस, मॅलिनोव्स्की, रॅडक्लिफ-ब्राउन अशी माळ असते. त्यात १९१६ चा हा निबंध फार उशिरा आणि तळटिपेत आला. खरं तर मॅलिनोव्स्कीचं 'अर्गोनॉट्स' १९२२ चं. चालीचं मूळ सोडून तिचं काम काय ते विचारा, हे पुढं ज्यांच्या नावावर जमा झालं त्यांच्या सहा वर्षं आधी मंडणगडच्या घराण्यातल्या विद्यार्थ्यानं ते करून दाखवलं होतं. शिवाय त्या कामाची किंमत कोण भरतं, हेही सांगितलं होतं. ते कार्यवादी पंडितांना पुढंही नीटसं जमलं नाही.

गोविंद सदाशिव घुर्ये मालवणचे, जन्म १८९३. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात. केंब्रिजमध्ये ते डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्सचे विद्यार्थी झाले. १९२२ मध्ये रिव्हर्स वारले आणि घुर्यांनी ए. सी. हॅडनच्या हाताखाली काम पुरं केलं. रिव्हर्स आणि हॅडन १८९८ च्या टॉरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेतले. तिथल्या बेटांवर लोकांकडून पिढ्यान् पिढ्यांची नाती विचारून वंशावळी मांडायची रिव्हर्सची पद्धत पुढं जगभर गेली. कोकणात त्यासाठी साहेबाची गरज नव्हती. घराणी आपापले कुलवृत्तांत स्वतःच छापत होती, शाखा, स्थलांतरं, दत्तकविधानं यांसकट. मॉरीन पॅटरसन या अमेरिकन अभ्यासिकेनं १९७० च्या आसपास चित्पावनांचे व्यवसाय कसे बदलत गेले ते याच कुलवृत्तांतांतून काढून दाखवलं. एक खोट मात्र राहतेच: ज्यांच्याकडे छापायला पैसे आणि लिहायला अक्षर होतं त्यांच्याच वंशावळी उरल्या.

घुर्ये १९२४ पासून मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग सांभाळत होते. त्यांचं 'कास्ट अँड रेस इन इंडिया' १९३२ चं. रिस्लीचे आकडे त्यांनी प्रांतवार सुटे केले आणि दाखवलं की नाकाचा आणि जातीच्या पायरीचा मेळ फार तर उत्तर हिंदुस्थानात बसतो, महाराष्ट्रात बसत नाही. रिस्लीच्या नियमातली हवा इथंच गेली. १९४८ मध्ये आंबेडकरांनी 'द अनटचेबल्स' लिहिताना घुर्यांची हीच कोष्टकं पुढं करून अस्पृश्यतेला वंशभेदाचा आधार नाही असं मांडलं. घुर्यांच्या राजकारणाशी माझं जमत नाही. १९४३ च्या पुस्तकात त्यांनी आदिवासींना मागासलेले हिंदू ठरवून टाकलं आणि आदिवासींचे अभ्यासक व्हेरिअर एल्विन यांच्याशी वाद घातला. त्यात आदिवासींचं म्हणणं कुठंच नाही. पण विद्यार्थी घडवावेत ते त्यांनी: एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई आणि इरावती कर्वे.

इरावतीबाईंचा जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला. त्या कर्वे झाल्या त्या दापोली तालुक्यातल्या मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांच्या घरात येऊन. १९२८ मध्ये घुर्यांच्या हाताखाली त्यांनी प्रबंध लिहिला तो चित्पावनांवर. म्हणजे सासरमाहेरच्याच माणसांवर. मग बर्लिन. तिथल्या कैसर विल्हेल्म संस्थेत त्यांचा मार्गदर्शक होता युजेन फिशर, पुढं नाझींच्या वंशधोरणाला शास्त्राचा मुलामा देणाऱ्यांपैकी एक. त्याची अपेक्षा अशी की युरोपीय कवटी बाकीच्यांच्या कवटीपेक्षा वेगळ्या तऱ्हेनं असमान निघेल आणि त्यातून बुद्धीचं श्रेष्ठत्व सिद्ध होईल. पंचविशीतल्या परदेशी विद्यार्थिनीनं कवट्या मोजल्या आणि लिहिलं की असा फरक सापडत नाही. मार्गदर्शकाच्या टेबलासमोर बसून असं लिहायला काय लागतं, ते ज्यांनी प्रबंध लिहिलेत त्यांना सांगायला नको.

तरीही कॅलिपर त्यांनी टाकला नाही. १९५१ मध्ये वि. म. दांडेकरांबरोबर महाराष्ट्रातल्या लोकांच्या शरीरमापांचं पुस्तक, १९६८ मध्ये कैलाश मल्होत्रांबरोबर आठ ब्राह्मण जातींची जैविक तुलना. प्रश्न मात्र बदलला होता. घुर्ये म्हणत, मोठी जात फुटून पोटजाती झाल्या. इरावतीबाई म्हणाल्या, उलट आहे: स्वतंत्र गट शेजारी येऊन एका नावाखाली बसले. पुरावा स्वयंपाकघराइतका जवळ होता. देशस्थ ऋग्वेद्यांत मामाची मुलगी करतात, चित्पावनांत करत नाहीत. दोघेही ब्राह्मण, पण एकाची नणंद-भावजय नाती दुसऱ्याच्या गणितात बसत नाहीत. १९५३ चं 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' अशाच तपशिलांवर उभं आहे. उत्तरेची भाषा आणि दक्षिणेची सोयरीक यांच्या मध्ये महाराष्ट्र कसा बसतो, हे त्याहून चांगलं कुणी सांगितलेलं मला माहीत नाही.

त्यांचं जे काम मला जिल्ह्याच्या दृष्टीनं सगळ्यांत मोलाचं वाटतं ते गाजलं नाही. १९६९ मध्ये जाई निंबकरांबरोबर त्यांनी कोयना धरणानं उठवलेल्या लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरतं, वीज करतं आणि वाशिष्ठीला मिळतं. चिपळूणच्या बाजूनं हे वरदानच. वरच्या अंगाला गावं बुडाली, भावकी वेगवेगळ्या ठिकाणी फेकली गेली, सोयरिकी तुटल्या. नात्यांचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या बाईनं ते मोजलं, तेव्हा मानवशास्त्र सरकारच्या कामाचा हिशेब मागायला बसलं. कॅम्बेलपासूनचा तो सगळ्यांत लांबचा पल्ला.

नंतरचं भराभर सांगता येईल. श्रीनिवासांमुळे गावात राहून अभ्यास करण्याची पद्धत रुजली, पण ती म्हैसूरकडे. कोकणाच्या वाट्याला तसं एकही गाजलेलं गाव आलं नाही. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७६ मध्ये पश्चिम घाटातल्या देवरायांवर लिहिलं. रत्नागिरीत त्यांना देवरहाटी म्हणतात. राखणदाराच्या धाकानं वाचलेलं जंगल मास्तरांच्या यादीत 'वृक्षपूजा' होतं; इथं ते पाणी आणि झाडोरा राखण्याची गावकीची व्यवस्था म्हणून वाचलं गेलं. झाडं तीच, प्रश्न बदलला.

मग जनुकं आली आणि जुना प्रश्न नव्या कपड्यांत परतला. २००९ आणि २०१३ चे हैदराबाद-हार्वर्डचे अभ्यास सांगतात की भारतातले जवळपास सगळे गट दोन मोठ्या पूर्वजसमूहांच्या मिश्रणातले आहेत. हे मिसळणं साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात झालं, आणि नंतर गट आतल्या आत लग्नं करत बंद झाले. म्हणजे आधी मिश्रण, मग दार बंद. १९१६ च्या निबंधाचा क्रम. पण लोक या अभ्यासांतून काय उचलतात? घाऱ्या डोळ्यांचं मूळ कुठलं, एवढंच. थुंकी पाठवून टक्केवारी मागवणाऱ्या आजच्या नातवाला कॅम्बेलचा परिच्छेदच हवा आहे, फक्त रंगीत आलेखासह.

सड्यांवरच्या कातळशिल्पांचंही तेच होऊ नये. सुधीर रिसबूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दशकभरात उक्षी, कशेळी, देवीहसोळ, बारसू असे सडे पालथे घालून जांभ्यात कोरलेले हत्ती, मासे, माणसं उजेडात आणली. २०२२ मध्ये त्यांतली काही ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कोरणारे कोण, कुठून आले, यावर लगेच तर्क सुरू झाले. त्यापेक्षा त्या उघड्या कातळावर ते काय खात होते, पाणी कुठून आणत होते, गेंड्यासारखा आज इथं नसलेला प्राणी त्यांनी कसा काय कोरला, याची उत्तरं हळूहळू मिळतील आणि ती जास्त कामाची असतील.

आणि एक विषय असा आहे की त्याला मूळ शोधायची गरजच नाही, तरी तो पडून आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, राज्यात सर्वाधिक. गॅझेटियरच्या काळापासून पुरुष मुंबईला जातात. घर, भातशेती, म्हातारी माणसं आणि देव बायकांवर. चित्पावनांसारख्या एका बारीकशा जातीच्या उगमावर शंभर वर्षं शाई खर्च झाली आणि तिलोरी कुणबी, भंडारी, खारवी, दालदी, बौद्ध वाड्यांतले चाकरमानी यांच्या या दुहेरी संसारावर त्याच्या दशांशही नाही. गिरणगावात गावकीच्या सामाईक खोल्या असत. नवा पोरगा बोटीनं किंवा एस.टी.नं आला की आधी तिथं वळकटी टाकायचा, मग गिरणीत लागायचा. १९८२ च्या संपानं त्यांतले कित्येक परत फिरले. शिमग्याची पालखी आधी कुणाच्या दारी, हे मुंबई मंडळ ठरवणार की गावचे मानकरी, हे वाद पोलीस ठाण्यापर्यंत जातात, आणि घरात ती पालखी प्रत्यक्ष ओवाळणाऱ्या बाईला त्यात मत नसतं. रिव्हर्सची पद्धत इथं फार सोपी पडेल: कुणी कुणाला मुंबईला आणलं, खोलीचं भाडं कुणी भरलं, मनिऑर्डर कुणाच्या नावानं आली, ती कुणी खर्चली. वर्गणीच्या वह्या जिथं अजून असतील तिथं त्यांपासून सुरुवात करता येईल. ज्यांनी त्या लिहिल्या आणि ज्यांनी गावाकडे मनिऑर्डरीवर अंगठे उठवले, ती पिढी आज सत्तरीच्या पुढं आहे.